मोठी गाडी आणि पाय टेकण्याचा प्रश्न

लांब पल्ल्याची मोठी मोटरसायकल घ्यायला शोरूममध्ये गेलेल्या माणसाचा निम्मा निर्णय किल्ली फिरवण्याआधीच झालेला असतो. तो गाडीवर बसतो, ती स्टँडवरून सरळ उभी करतो आणि खाली बघतो. टाचा अधांतरी, चवडे जेमतेम टेकलेले आणि मांड्यांमध्ये दोनशे-सव्वादोनशे किलोंचं धूड. सेल्समन तत्परतेने सांगतो, ‘‘सर, सवय होईल.’’ सोबत आलेला मित्र म्हणतो, ‘‘अरे, लिंक बदलून दोन इंच खाली घे, काम तमाम.’’ दोघंही अर्धवट खरं बोलत असतात. त्यातलं काय घ्यायचं, काय सोडायचं आणि कोणत्या क्रमाने करायचं, याचा हा आढावा.

प्रश्न मूठभरांचा नाही. जगभरच्या उंचीच्या नोंदी एकत्र करणाऱ्या एनसीडी-रिस्क या संशोधक गटाने २०१६ साली मांडलेल्या आकड्यांप्रमाणे, १९९६ साली जन्मलेल्या भारतीय पुरुषाची सरासरी उंची १६५ सेंमीच्या आसपास आहे, बाईची १५३ च्या. त्याच पिढीचा जर्मन पुरुष १८० च्या घरात. आता, रस्त्यावर पळणारी आणि कच्च्यातही जाणारी मोठी टूरिंग गाडी हा प्रकार रुळवला तो जर्मनीतल्या बीएमडब्ल्यूने, १९८० च्या आर ८० जी/एस या गाडीपासून. पुढचं मोठं चाक, लांब हालचालीचं सस्पेन्शन, खड्ड्यादगडांवरून पोट न घासता जाईल एवढी जमिनीपासूनची उंची, हे सगळं हवं म्हटलं की सीट वर जाणारच. आर १२५० जीएसची सीट ८५० मिमी, होंडा आफ्रिका ट्विनचीही तेवढीच. चाकणला बनलेल्या पहिल्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरची ८५५. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्सचं इंजिन अवघं २५० सीसीचं, तरी सीट ८३५. रॉयल एन्फील्डची नवी हिमालयन ४५० कारखान्यातून येते ती ८२५ वर.

१६५ सेंमी उंचीच्या माणसाच्या पायाची आतल्या बाजूची लांबी साधारण ७५ सेंमी भरते. नुसते आकडे समोरासमोर मांडले तर बहुतेक पुरुष आणि जवळपास सगळ्या बायका या गाड्यांवरून बाद व्हायला हव्यात. तसं होत नाही, कारण बसल्यावर मागचं सस्पेन्शन दोन-तीन सेंमी तरी दबतं, बुटाचा तळवा अडीच-तीन सेंमी देतो आणि टाच उचलून चवड्यावर आलं की आणखी पाच-सहा सेंमी मिळतात. बेरीज करा, ८२५ ची हिमालयन १६५ सेंमीच्या माणसाच्या चवड्याखाली येते. टाचेखाली येत नाही, इतकंच.

शिवाय सीटची उंची हा आकडाच फसवा आहे. तो बहुतेक वेळा रिकाम्या, न दबलेल्या गाडीचा असतो आणि सीट किती रुंद आहे याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. पाय सीटच्या मधोमधून सरळ खाली येत नाहीत, सीटच्या आणि टाकीच्या कडांना वळसा घालून येतात. रुंद सीट ८०० मिमीची असूनही पाय फाकवते आणि जमीन लांब नेते. अरुंद सीट ८२५ ची असूनही पाय सरळ सोडते. बीएमडब्ल्यू आपल्या तांत्रिक तक्त्यात आणखी एक माप छापते: एका तळव्यापासून मांडीच्या आतून वर, सीटवरून पलीकडे आणि दुसऱ्या तळव्यापर्यंतची लांबी. हे माप घरी शिवणाच्या टेपने स्वतःचं घेता येतं आणि गाडीच्या मापाशी ताडून पाहता येतं. बाकीच्या कंपन्या हे माप का छापत नाहीत, हे त्यांनाच ठाऊक. त्यात खर्च तर काहीच नाही.

दुसरी एक गंमत वजनाची. कमी उंचीचा माणूस बहुधा हलकाही असतो. कारखान्यात स्प्रिंग बसवलेली असते ती सरासरी धडधाकट माणूस धरून, कधी सामानासकट. तिच्यावर पंचावन्न किलोंची व्यक्ती बसली की गाडी दबतच नाही. म्हणजे आधीच पाय आखूड असलेल्या माणसाला गाडी दुसऱ्यांपेक्षा वरच भेटते. याचा उपाय पुढे येईलच. तो फुकट आहे.

मुळात पाय टेकायला हवा कशासाठी? गाडी चालत असताना पायाचा जमिनीशी संबंधच नसतो. मोटोजीपीच्या सर्वोच्च वर्गात ३१ शर्यती जिंकलेला स्पेनचा दानी पेद्रोसा जेमतेम १६० सेंमी उंचीचा आहे. अर्थात त्याला कात्रजच्या सिग्नलला थांबावं लागत नव्हतं. आपल्याला लागतं, आणि प्रश्न तिथलाच आहे: थांबण्याचा शेवटचा एक मीटर, निघण्याचा पहिला एक मीटर आणि पार्किंगमधली ढकलाढकल. उभी शिडी एका हाताने धरता येते, कलली की दोन्ही हात कमी पडतात, गाडीचंही तसंच. कलण्याचा कोन ५ अंशांवरून १५ अंशांवर गेला की पेलायचा भार जवळपास तिप्पट होतो. ज्याचा पाय लगेच टेकतो तो गाडी ५ अंशांवर अडवतो. ज्याचा पाय गाडी कलल्यावरच जमिनीला लागतो, त्याला तीच गाडी तिप्पट जड लागते. म्हणून एक-दीड सेंमी फरकही अंगाला जाणवतो. आणि म्हणूनच दोन्ही टाचा सपाट टेकल्याच पाहिजेत हा हट्ट अनाठायी आहे: एक तळवा नीट टेकला, तोही लवकर, तरी काम भागतं.

सुरुवात सीटपासून करावी. कंपनीची लो सीट मिळत असेल तर पहिली ती. हिमालयन ४५० साठी ती ८०५ मिमीची आहे, आफ्रिका ट्विनसाठी ८२५ ची, बीएमडब्ल्यूच्या बहुतेक टूरिंग गाड्यांसाठी आहेच. मिळत नसेल, किंवा मिळूनही पुरत नसेल, तर आपले सीट-कुशनवाले आहेत. पुण्याच्या नाना पेठेत, दिल्लीच्या करोल बागेत आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ एखादा तरी सापडतो. यांच्यातला चांगला कारागीर ओळखायची खूण म्हणजे तो आधी गाडीवर बसवतो. ‘सीट ठेवून जा, संध्याकाळी न्या’ म्हणणाऱ्याकडे सीट ठेवू नये.

चांगला काय करतो ते पाहण्यासारखं असतं. गिऱ्हाईक बूट घालून गाडीवर बसतं, पाय खाली सोडतं आणि मांडी सीटच्या कडेला जिथे दाबते तिथे तो खडूने खूण करतो. मग कव्हर उसवून, पिना काढून फोम उघडा करतो. बरेच जण इथे चूक करतात ती मधला भाग खरवडण्याची. वरून दोन-अडीच सेंमी फोम काढला की खालचा प्लास्टिकचा सांगाडा जवळ येतो आणि शंभर किलोमीटरनंतर तो बुडाला सांगायला लागतो की मी इथे आहे. चांगला कारागीर आधी पुढच्या दोन्ही कडा तासतो, जिथून मांड्या खाली उतरतात तिथे. हॅकसॉच्या पात्याने ढोबळ कापतो, ग्राइंडरला सँडपेपरची चकती लावून उतार गुळगुळीत करतो, पुन्हा बसवतो, पुन्हा खूण करतो. कडा निघाल्यावर मधून एखाद-दीड सेंमी काढला तरी एकूण फरक दोन इंच उतरवल्यासारखा वाटतो. काढलेल्या जागी वर पातळ पण घट्ट फोमचा थर, त्यावर पाणी आत न जाण्यासाठी प्लास्टिकचा कागद आणि मग रेक्झिन. हा कागद विसरला तर पहिल्याच पावसाळ्यात सीट स्पंज होते आणि ऊन पडलं तरी दोन दिवस पँट ओली करत राहते. जेलच्या थराचा सोस करू नये. आपल्या एप्रिलच्या उन्हात गाडी तासभर उभी राहिली की जेल तापतं आणि निवायला वेळ घेतं.

कापाकापी मूळ सीटवर करू नये. दुसरी, जुनी का असेना, मिळवावी आणि तिच्यावर प्रयोग करावा. गाडी विकताना मूळ सीट उपयोगी पडते, आणि प्रयोग फसला तर घरी परतायलाही.

सीट खाली घेण्याची एक किंमत असते आणि ती कुणी सांगत नाही. फूटरेस्ट तिथेच राहतं, बूड खाली येतं, गुडघा जास्त दुमडतो. गावात ते जाणवत नाही, पुणे-नागपूरला जाणवतं. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात त्यांनी सीटवर कमी आणि बुटांवर जास्त भर द्यावा.

बुटांबद्दल थोडक्यात. जाड तळव्याचे टूरिंग बूट अडीच-तीन सेंमी देतात, आणि ही वाढ गाडीच्या एकाही नटाला हात न लावता मिळते. जर्मनीतली डेटोना कंपनी लेडी स्टार नावाचे बूट खास याचसाठी बनवते. आतून टाच उचललेली, बाहेरून तळवा जाड. महाग आहेत. आपल्याकडे चांभाराकडून साध्या टूरिंग बुटाला रबराचा एक थर वाढवून घेणारेही आहेत. थर कडांना नीट शिवलेला हवा, नुसता चिकटवलेला नको. आणि तो वाढवल्यावर गिअरच्या पेडलची उंची पुन्हा जुळवायची, नाहीतर बूट पेडलखाली जातच नाही.

आता तो फुकटचा उपाय. मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर प्रीलोडची कडी किंवा नॉब असतो. हलक्या माणसाने तो कमी करावा. स्वार बसल्यावर सस्पेन्शनच्या एकूण हालचालीच्या साधारण ३० टक्के दबलं पाहिजे, असा ढोबळ नियम आहे. हिमालयन ४५० ला मागे २०० मिमी हालचाल आहे, म्हणजे ६० मिमीच्या आसपास. साडीची फॉल मोजायची टेप आणि एक मदतनीस असला की घरच्या अंगणात हे मोजता येतं. चाकाचा आस ते सीटखालचा एखादा ठरलेला बिंदू, हे अंतर आधी गाडी उचलून चाक मोकळं सोडून घ्यायचं, मग स्वार बसवून. फरक ३५-४० मिमीच निघाला तर प्रीलोड सैल करायला जागा आहे आणि एक-दीड सेंमी हमखास मिळेल. ६० च्या वर निघाला तर हात लावू नये. आणखी सैल केलं की खड्ड्यात गाडी तळाला आपटते. आणि मागे कुणी बसणार असेल किंवा सामान लादायचं असेल तर निघण्याआधी तो पुन्हा वाढवायचा, हे विसरू नये.

यानंतर येतो मित्राचा सल्ला: लिंक बदल. इथे सावकाश जायला हवं, कारण बाजारात सगळ्यात जास्त विकला जाणारा आणि सगळ्यात कमी समजून घेतला जाणारा उपाय हाच आहे.

हिमालयनसारख्या गाड्यांत मागचा शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि स्विंगआर्म यांच्यामध्ये एक लिंकेज असतं. त्यातल्या दोन पट्ट्या काही मिलीमीटरने लांब घातल्या की चाक वर सरकतं आणि मागची बाजू इंचभर खाली बसते. पट्ट्या स्वस्त आहेत, दुकानदार तासाभरात बसवून देतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. मग हळूहळू बाकीचं उघड होतं. मागची बाजू बसली आणि पुढची तशीच राहिली तर गाडी मागे रेलते. पुढच्या चाकावरचा भार कमी होतो, स्टीअरिंग आळशी होतं, वळणात गाडी बाहेर धावते, हेडलाइट समोरच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून पुढचे फोर्कही क्लॅम्पमधून तेवढेच वर सरकवावे लागतात, आणि ते करताना सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर मडगार्ड रेडिएटरला किंवा चाक खालच्या क्लॅम्पला लागणार नाही ना, हे पाहावं लागतं. स्विंगआर्मचा कोन बदलला की चेनचा ताण बदलतो, तोही नव्याने जुळवायचा.

साइड स्टँडचं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. गाडी खाली आली, स्टँडची लांबी तीच राहिली, की गाडी स्टँडवर पुरेशी कलत नाही, जवळजवळ उभी राहते. मग जराशा उतारावर किंवा वाऱ्याच्या झोताने ती उजवीकडे जाते, म्हणजे ज्या बाजूला कुणी नाही त्या बाजूला. स्टँड कापून पुन्हा वेल्ड करावा लागतो आणि ते वेल्डिंग दोनशे किलो रोज पेलणार असतं, म्हणून गेट-ग्रिल करणाऱ्याकडे करू नये. सेंटर स्टँड असेल तर गाडी त्यावर चढवणं जवळपास अशक्य होतं, कारण आता तिला जास्त उचलायचं आहे.

एवढं करून काय गमावलं? ज्या उंचीसाठी ही गाडी घेतली ती. स्पीडब्रेकरला इंजिनखालचं गार्ड घासतं, पोटाखालची एखादी शिळा आता लागते. आणि सगळ्या गाड्यांना हे लागूही नाही. केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरला मागे लिंकेजच नाही, शॉकअ‍ॅब्सॉर्बर थेट स्विंगआर्मवर. बीएमडब्ल्यू जीएसची पुढची टेलिलिव्हर रचना वेगळी आहे. तिथे फोर्क वर सरकवून पुढची बाजू खाली घेण्याचा प्रश्नच येत नाही, स्प्रिंग तिथे नसतेच. अशा गाड्यांना कंपनीचं किंवा जाणकार सस्पेन्शनवाल्याने आखूड करून दिलेलं युनिट लागतं, आणि त्याची किंमत ऐकून माणूस परत बुटांकडे वळतो.

माझं मत: लिंकला हात लावायचा तो शेवटी, आणि अडीच सेंमीच्या पुढे नाहीच. सीट, बूट आणि प्रीलोड मिळून चार-पाच सेंमी निघतात. तेवढ्याने भागत नसेल तर बहुधा गाडीची निवडच चुकलेली असते.

कायद्याचंही एक बोट इथे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बाजू आणखी घट्ट केली. सीटच्या फोमवरून कुणी अडवत नाही, पण फ्रेम कापणं, स्विंगआर्म बदलणं असल्या भानगडीत पडू नये. वॉरंटी चालू असताना लिंक बदलली तर सर्व्हिस सेंटरवाले सस्पेन्शनच्या कुठल्याही तक्रारीला त्याच लिंककडे बोट दाखवणार, हे गृहीत धरावं.

हातांकडे दुर्लक्ष होतं. कमी उंचीच्या माणसाचे हातही आखूड असतात, आणि हँडलपर्यंत वाकून पोचावं लागलं की हळू वेगात तोल सांभाळणं अवघड जातं. हँडल वर आणि मागे आणणारे रायझर मिळतात. ते लावल्यावर हँडल दोन्ही टोकांना वळवून क्लचची केबल आणि ब्रेकचा पाइप ताणत नाही ना, ते पाहायचं. क्लच-ब्रेकचे लिव्हर जवळ आणता येणारे असावेत. समोरची उंच काच कमी उंचीच्या माणसाच्या नेमकी डोळ्यांसमोर येते. पावसात तिच्यातून काही दिसत नाही, म्हणून काच आखूड घ्यावी, नजर तिच्या वरून जायला हवी.

महागड्या गाड्यांत आता हा प्रश्न इलेक्ट्रॉनिक्सने सोडवायला घेतला आहे. हार्ली-डेव्हिडसनने २०२१ च्या पॅन अमेरिकावर थांबताना आपोआप खाली बसणारं सस्पेन्शन दिलं. ट्रायम्फने २०२३ मध्ये टायगर १२०० ला थांबताना मागचा प्रीलोड सोडून २० मिमीपर्यंत खाली येण्याची सोय केली. त्याच वर्षी आलेल्या बीएमडब्ल्यू आर १३०० जीएसमध्ये पर्याय म्हणून अशी यंत्रणा मिळते, जी सिग्नलजवळ आल्यावर सीट ८५० वरून ८२० वर आणते आणि वेग घेतला की पुन्हा वर नेते. कल्पना सुरेख आहे, कारण ती नेमकी त्या शेवटच्या मीटरवरच काम करते आणि चालतानाची उंची खात नाही. किंमत मात्र वीस लाखांच्या पलीकडच्या जगातली. त्या मानाने होंडा आफ्रिका ट्विनचा क्लचचा लिव्हर नसलेला डीसीटी गिअरबॉक्स हा कमी उंचीच्या स्वारासाठी न गाजलेलं वरदान आहे असं मला वाटतं. हळू वेगात वळताना इंजिन बंद पडणं हे गाडी पडण्याचं मोठं कारण असतं, आणि डीसीटीत इंजिन बंद पडत नाही.

यापुढचं सगळं कसबाचं आहे, आणि ते सीटपेक्षा जास्त सेंमी देतं.

एकच पाय टेकायचा, तो कोणता हे थांबण्याआधी ठरवायचं. सपाट रस्त्यावर डावा, कारण उजवा मागच्या ब्रेकवर हवा. बूड सीटच्या डाव्या कडेला सरकवलं, एक कुल्ला बाहेर काढला, की तळवा सपाट बसतो. हे अगदी साधं आहे, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही. पुढचा ब्रेक शेवटच्या क्षणी हलका सोडायचा. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी त्या बाजूला आडवी पडते, आणि कमी उंचीचे स्वार बहुतेक इथेच पडतात.

आता आपल्या रस्त्यांची गंमत. रस्ता मधोमध उंच आणि कडांना उतरता बांधतात, पाणी वाहून जावं म्हणून. आपण डावीकडून चालतो, म्हणजे आपल्या डाव्या पायाखालची जमीन बहुतेक वेळा उजवीपेक्षा खाली असते. रस्त्याच्या अगदी कडेला, साइडपट्टीवर थांबलं की डावा पाय टेकायला जातो आणि जमीन सापडत नाही. तोवर गाडी १० अंश कललेली असते. म्हणून थांबायचं ते लेनच्या मध्याकडे, डांबरावर, आणि कडेलाच थांबणं भाग असेल तर उजवा पाय टेकायचा. गाडी धरायची हँडल सरळ ठेवून पुढच्या ब्रेकने. घाट चढताना डावीकडचं वळण सगळ्यात वाईट. वरंध घाटात किंवा आंबोलीत डाव्या चढणीच्या वळणात समोर एसटी आली आणि थांबावं लागलं तर आतली बाजू डावी, ती खोल आणि बहुधा खडीने भरलेली. तिथे डावा पाय टाकणारा पडतो. वळणाच्या आधीच, सरळ भागात थांबून एसटीला जाऊ द्यावं. थोडा वेळ जातो, पण लिव्हर आणि इंडिकेटर वाचतात.

गाडीवर चढायला डाव्या फूटरेस्टवर उभं राहून पाय पलीकडे टाकणारे पुष्कळ आहेत. पद्धत चालते, फक्त त्या वेळी सगळं वजन साइड स्टँडवर येतं. स्टँड घट्ट जमिनीवर असावा, मुरमावर किंवा पावसात भिजलेल्या मातीवर नाही. पहिला गिअर टाकून ठेवावा. स्वाराने ‘बस’ म्हटल्याशिवाय मागे बसणाऱ्याने चढायचं नाही आणि उतरताना आधी त्यानेच उतरायचं, हे घरातूनच ठरवून निघावं.

पार्किंगमध्ये कमी उंचीच्या स्वाराची खरी अडचण मागे सरकण्याची असते. चवड्यांनी दोनशे किलो मागे रेटता येत नाही. मुंबई-गोवा रस्त्यावरच्या हॉटेलांपुढची जागा बहुतेक रस्त्याकडून हॉटेलकडे उतरती आणि वर खडी. तिथे तोंड हॉटेलकडे करून लावलेली गाडी जेवण झाल्यावर चौघांना बोलावूनच निघते. म्हणून आत शिरतानाच फेरी घेऊन तोंड रस्त्याकडे करायचं, किंवा उतरून, डाव्या बाजूला उभं राहून, बूड सीटला टेकवून ढकलायचं. उतरून ढकलण्यात कमीपणा काही नाही. पायांनी रेटणारे उंच लोकही पडतात.

आणि गाडी पडणारच, हे धरून चालावं. थांबलेली गाडी एका मर्यादेपलीकडे कलली की तिला सोडून द्यायचं आणि पाय बाहेर काढायचा. घोटा मोडून गाडी वाचत नाही. इंजिनगार्ड आणि हातगार्ड हे या स्वारासाठी हौसेच्या यादीत धरू नयेत. पडलेली गाडी पाठीने उचलायची: इंजिन बंद, गिअर टाकलेला, उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडायचा, हँडल गाडी पडली त्या बाजूला पूर्ण वळवून एका हाताने टोक धरायचं, दुसऱ्याने मागची पट्टी, सीटला बूड लावून पाय जमिनीत रोवत मागे चालत जायचं. ५५ किलोंची बाई २०० किलोंची हिमालयन अशी उभी करते. ओढून उचलायला गेलेला पैलवान कंबर धरून बसतो. सरावाच्या वेळी टाकी अर्धीच ठेवावी. २० लिटर पेट्रोलचं वजन जवळपास १५ किलो आणि तेही सगळं वर.

इतकं करूनही काही जणांसाठी मोठी अ‍ॅडव्हेंचर गाडी योग्य ठरत नाही, आणि तिथे पर्याय आहेत. क्रूझर हा सरधोपट सल्ला. सुपर मीटिऑर ६५० ची सीट ७४० मिमी, दोन्ही तळवे सपाट. पण ती २४१ किलोंची आहे. होंडा गोल्ड विंग तर आणखी बोलकी: सीट ७४५, वजन साडेतीनशे किलोंच्या वर, म्हणून तिला मागे जायला रिव्हर्सच दिलेला आहे. सीट खाली म्हणजे गाडी हलकी नव्हे. हिमालयनची २०१६ ची पहिली आवृत्ती ८०० मिमीची होती, आणि ती लडाखला जाणाऱ्यांत इतकी रुजली त्यात या आकड्याचा वाटा मोठा होता, असं मी मानतो. वापरलेली मिळाली तर आजही ती या वाचकासाठी उत्तम. ट्रेकिंगचा कच्चा रस्ता नको असेल, फक्त लांब जायचं असेल, तर ३५० सीसीचा वर्ग पुरतो. पुण्याच्या रमिला लटपटे २०२३ मध्ये नऊवारीत जगभ्रमंतीला निघाल्या त्या ८०० मिमी सीटच्या होंडा सीबी ३५० वर. जगाला फेरी मारायला ३५० सीसी चालते, तर महाबळेश्वरला चालायला हरकत नसावी.

केटीएमने २०२३ मध्ये ३९० अ‍ॅडव्हेंचरची ८३० मिमीची व्ही आवृत्ती आणली, रॉयल एन्फील्डने लो सीट यादीत ठेवली. म्हणजे कंपन्यांना आपली उंची आता माहीत झाली आहे. पण शोरूममध्ये ती लो सीट कॅटलॉगच्या पानावरच असते, डेमो गाडीवर कधी लावलेली दिसत नाही. तेव्हा वाचकांना एकच सांगणं. स्वतःचे बूट घालून जा, लो सीट लावलेली गाडी मागा, ती स्टँडवरून उतरवा, पाच मीटर मागे ढकला, शोरूमच्या फरशीवरून बाहेर रस्त्याच्या उतरत्या कडेवर नेऊन एकदा थांबवून बघा. एवढं करू देत नाहीत तिथे बुकिंगचे पैसे भरू नका.